कोल्लमचा बिशप, मुक्काम पोस्ट ठाणे

होर्मुझहून सुटलेल्या त्या जहाजातल्या पाच प्रवाशांना कोल्लमला जायचं होतं. मलबारातलं कोल्लम म्हणजे मिऱ्यांचं बंदर. चिनी जहाजं तिथे नांगर टाकत, अरब व्यापारी घरं करून राहत. येशूचा शिष्य थॉमस याने आपल्या पूर्वजांना बाप्तिस्मा दिला असं मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांची वस्तीही तिथे जुनी होती. हे पाचही जण पोपला मानणारे साधू. कोल्लमला उतरावं, तिथल्या ख्रिस्ती लोकांना भेटावं आणि जमलंच तर पुढे चीन गाठावं, असा बेत. पण समुद्रावर बेत चालतो तो वाऱ्याचा आणि नाखव्याचा. जहाज लागलं ठाण्याला. साल होतं १३२१.

पाचांपैकी चौघे फ्रान्सिस्कन संघाचे: टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. पाचवा डॉमिनिकन. त्याचं नाव जॉर्डन, लॅटिन कागदांत योर्डानुस कातालानी. आडनावावरून काहींनी त्याला स्पेनच्या कातालोनियात नेऊन बसवलं, पण तो दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हराकचा. पुढे आठ वर्षांनी हाच माणूस हिंदुस्थानातला पहिला कॅथलिक बिशप म्हणून नेमला गेला. हे प्रकरण त्याचं आहे. त्यातला बराचसा भाग मात्र ठाण्यात घडतो, आणि त्यातलं जे वाचण्यासारखं आहे ते बिशपपद मिळण्याआधीचं आहे.

आधी या साधूंविषयी. युरोपात ख्रिस्ती संन्यासी शेकडो वर्षं होतेच, पण ते मठाच्या भिंतीआड राहत. त्यांच्या शेतजमिनी होत्या, कोठारं होती. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेले हे दोन संघ वेगळे. त्यांनी मठ बांधले तेही भर शहरात, भिक्षेवर राहायचं ठरवलं, आणि वरिष्ठ सांगतील त्या गावी उठून जायची तयारी ठेवली. फ्रान्सिसच्या माणसांचा भर गरिबीवर. डॉमिनिकच्या माणसांचा भर अभ्यासावर आणि प्रवचनावर. त्यांचा संघ जन्मला तोच दक्षिण फ्रान्समधल्या पाखंडी मानल्या गेलेल्या पंथाशी वाद घालायला. म्हणजे जॉर्डनच्याच मुलखाच्या आसपास. पांढरा झगा, वर काळा अंगरखा. मंगोलांचं राज्य इराणपासून चीनपर्यंत पसरलं आणि रस्ते जरा सुरक्षित झाले, तेव्हा पोपने पूर्वेला धाडायला हीच माणसं निवडली. घरदार नाही, जमीन नाही, परत येण्याची सक्ती नाही. दूरच्या बदल्यांसाठी यापेक्षा सोयीचा नोकरवर्ग कोणत्याच सरकारला मिळाला नसेल.

चौघांत थॉमस सगळ्यात मुरलेला. फ्रान्सिसचं गरिबीचं व्रत शब्दशः पाळायचं, संघाने काहीही मालकीचं ठेवायचं नाही, असा हट्ट धरणाऱ्या गटातला तो. त्या हट्टापायी स्वतःच्याच संघाच्या तुरुंगात वर्षं काढलेली. सुटल्यावर आर्मेनियात काम केलं. चीनमध्ये मंगोल बादशहाच्या राजधानीत एकटा राहून चर्च चालवणाऱ्या मॉन्टेकॉर्व्हिनोच्या जॉनची पत्रं युरोपात पोपपर्यंत नेली तीही यानेच. ठाण्याला उतरला तेव्हा तो साठीच्या आसपासचा होता. दिमित्री दीक्षित पाद्री नव्हता. भाषा जाणणारा म्हणून बरोबर घेतलेला बंधू. जॉर्डनला फारसी येत असे. तब्रीझच्या मठात राहून ती त्याच्या जिभेवर बसली होती, आणि पुढे त्याचा जीव वाचला तो काही अंशी या फारसीमुळे.

ठाणं त्या वेळी नुकतंच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं होतं. देवगिरीचं यादवांचं राज्य १३१८ साली कायमचं बुडालं. उत्तर कोकणचा किनारा दिल्लीच्या ताब्यात आला, पण दिल्लीतच दोन वर्षांत सुलतानाचा खून, बंड आणि नव्या घराण्याची स्थापना झाली. गियासुद्दीन तुघलक तख्तावर बसून वर्षही झालं नव्हतं. ठाण्यात दिल्लीचा मलिक, म्हणजे अंमलदार, होता, काजी होता. बंदर जुनं आणि चालतं. मार्को पोलोनेही ठाण्याच्या सुती कापडाची आणि कातड्याची नोंद केली आहे. इराणी ख्रिस्ती संप्रदायातल्या, म्हणजे नेस्टोरियन लोकांची पंधराएक घरं गावात होती. त्यांच्यापैकी एकाने साधूंना घरी ठेवून घेतलं. रोमच्या हिशेबाने नेस्टोरियन पाखंडी. पण परमुलखात येशूचं नाव घेणारा दुसरा कुणी भेटल्यावर शास्त्रार्थ कोण काढतो?

किनाऱ्यावर वर सोपारा आणि त्याच्याही वर भडोच इथे ख्रिस्ती म्हणवणारी, पण धर्माची धड माहिती नसलेली माणसं आहेत, असं यजमानांनी सांगितलं. फारसी येणारा माणूस तिकडे गेला तर उपयोग होईल, म्हणून जॉर्डन निघाला. बाकीचे चौघे ठाण्यातच राहिले.

पुढे काय झालं ते मुख्यतः ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. तो नंतर ठाण्यात आला, लोकांकडून ऐकलं आणि आपल्या प्रवासवर्णनात घातलं. सुरुवात झाली एका घरगुती भांडणाने. यजमान नवरा-बायकोचं वाजलं, नवऱ्याने बायकोला मारलं, ती फिर्याद घेऊन काजीकडे गेली. साक्षीदार कोण, असं काजीने विचारलं. घरात चार फिरंगी साधू आहेत, त्यांनी पाहिलं आहे, असं ती बोलून गेली. तिथे बसलेल्या अलेक्झांड्रियाच्या एका माणसाने सुचवलं, की ते शास्त्र जाणणारे लोक आहेत, बोलवा, धर्माविषयी चार प्रश्न विचारू. साक्षीला बोलावलेले साधू असे वादाला उभे राहिले. येशू देव की माणूस इथपर्यंत ठीक चाललं. मग पैगंबरांविषयी तुमचं मत काय, असा प्रश्न आला. थॉमसने उत्तर टाळायचा प्रयत्न केला. पुन्हा पुन्हा खोदून विचारल्यावर त्याने जे उत्तर दिलं त्यानंतर जमाव आवरेना.

ओडोरिकच्या वृत्तान्तात यापुढे चमत्कार येतात. साधूंना कोकणच्या उन्हात तासन्‌तास बांधून ठेवलं, पण काही झालं नाही. जेम्सला जाळात टाकलं, तो जळला नाही. कपडे काढून, अंगाला तेल चोपडून पुन्हा टाकलं, तरी जळला नाही. संतचरित्रांची घडण ज्यांना माहीत आहे त्यांना हे नवं वाटणार नाही. रक्तसाक्षींना पहिल्या आगीत मरण येत नसतं. मी या भागावर फार थांबणार नाही. पण बायकोने नवऱ्यावर केलेली फिर्याद मात्र खरी असणार. हुतात्म्यांची कथा रचायला बसलेला माणूस अशी सुरुवात शोधून काढणार नाही. मलिकाचं वागणंही असंच विश्वास बसावा असं आहे. त्याने साधूंना सोडून दिलं आणि खाडीपलीकडे जा, गावात राहू नका, असं सांगितलं. नव्याने हातात आलेलं बंदर, परदेशी व्यापाऱ्यांची ये-जा. अधिकाऱ्याला दंगा नको होता. काजीला हे पटलं नाही. त्याने मलिकाचं मन वळवलं आणि रात्री माणसं पाठवली. १३२१ सालच्या झावळ्यांच्या रविवाराआधीच्या गुरुवारी, ९ एप्रिलला, थॉमस, जेम्स आणि दिमित्री मारले गेले. पीटर त्या वेळी सामानाजवळ घरी थांबला होता. त्याला नंतर पकडून शनिवारी मारलं. दिल्लीच्या सुलतानाला हे कळल्यावर त्याने मलिकालाच शिक्षा केली, असंही ओडोरिक सांगतो.

साधू संकटात असल्याची बातमी कळताच जॉर्डन उलट पावली ठाण्याकडे निघाला. पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. त्याने प्रेतं मिळवली आणि सोपाऱ्याला नेऊन तिथल्या चर्चमध्ये पुरली. या कामात त्याला मदत केली ती जिनोव्हाच्या एका तरुणाने. ठाण्याच्या बंदरात १३२१ साली इटलीच्या जिनोव्हाचा पोरगा काय करत होता? तेच, जे पुढच्या सगळ्या शतकांत युरोपचे लोक या किनाऱ्यावर करत आले: व्यापार. व्हेनिस आणि जिनोव्हाच्या वखारी काळ्या समुद्रापासून तब्रीझपर्यंत पसरल्या होत्या, आणि त्यांच्यातले धाडसी लोक होर्मुझ ओलांडून इकडे येत. बहुतेक बंदरांत साधूंच्या आधी व्यापारी पोचलेले असत. साधूंची पत्रं नेणारे आणि त्यांना जहाजावर जागा मिळवून देणारे तेच.

चौघांना मूठमाती देऊन झाल्यावर जॉर्डन एकटा उरला. त्याने तब्रीझच्या वाटेवरच्या साधूंना उद्देशून दोन पत्रं लिहिली. पहिलं १२ ऑक्टोबर १३२१ चं, गुजरातच्या किनाऱ्यावरून. दुसरं १३२४ च्या जानेवारीत, ठाण्याहून. पहिल्या पत्रात काम आहे: कुठे कुठे साधू पाठवायला हवेत, सोपारा कसा, भडोच कसं, कोल्लम कसं, प्रत्येक ठिकाणी किती जण लागतील. जिल्ह्याच्या गावांची पाहणी करून वर अहवाल पाठवावा तसं. दुसऱ्या पत्रापर्यंत सव्वादोन वर्षं उलटली होती, आणि कुणी आलेलं नव्हतं. या पत्रातला माणूस खचलेला आहे. समुद्रावर चाच्यांनी पकडलं, मुसलमान अधिकाऱ्यांनी तुरुंगात टाकलं, खोटे आरोप झाले, शिव्याशाप मिळाले. संघाचा झगा कधीच गेला, नुसत्या सदऱ्यावर फिरतो आहे. डोकं दुखतं, पोटात दुखतं, कंबर धरते, हातापायांत कळा येतात. चौघे मारले गेले त्याचा हेवा वाटतो, असाही सूर त्यात आहे; त्यांचं सुटलं, माझं अजून चालूच आहे. मध्ययुगातल्या धर्मप्रसारकांची पत्रं बहुधा विजयाची असतात, कारण ती निधी आणि माणसं मिळवण्यासाठी लिहिलेली असतात. जॉर्डनच्या पत्रातही माणसं मागितली आहेत, पण पोटदुखीचा उल्लेख मोहिमेच्या प्रचारात कुणी करत नाही.

चौघांची हाडंही त्याच्याजवळ राहिली नाहीत. ओडोरिक आला, त्याने ती उकरली, कापडात बांधली आणि जहाजाने चीनला घेऊन गेला. वाटेत वारा पडला, तेव्हा जहाजावरच्या सगळ्यांनी आपापल्या देवांना साकडं घातलं. कुणाचंच चालेना, म्हणून ओडोरिकने एक हाड गुपचूप समुद्रात टाकायला लावलं आणि वारा सुटला, असं तो सांगतो. उरलेली हाडं चीनच्या किनाऱ्यावरच्या झैतून शहरात, फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चमध्ये गेली. थॉमसचं मस्तक पुढे इटलीत त्याच्या टोलेंटिनो गावी पोचलं.

जॉर्डनपुरता हा काळ वाईट होता खरा, पण या वर्षांत तो बघत होता. हिंदुस्थान सोडून युरोपात परतल्यावर, १३३० च्या आगेमागे, त्याने लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं: मिराबिलिया देस्क्रिप्ता. आश्चर्यांचं वर्णन. विद्वानांनी त्याच्या लॅटिनला नावं ठेवली आहेत, आणि ती भाषा ओबडधोबड आहेच. पण हा माणूस बंदरात आठवडाभर राहून गेलेला प्रवासी नव्हे. ठाण्यात राहून त्याने उन्हाळे आणि पावसाळे काढले होते.

आंबा त्याने लिहून ठेवला आहे, ‘अनिबा’ असा. गोडी अशी, की सांगायला शब्द नाहीत. फणस लिहिला आहे: फळ फांदीला लागण्याऐवजी थेट बुंध्यावर धरतं, आणि एक फळ पाच माणसांना पुरतं. ज्याने कधीतरी पंगतीत बसून गरे मोजले असतील त्याच्याच हातून हा आकडा उतरेल. नारळ आहे, आणि नारळाचं काय काय होतं तेही: पाणी, तेल, काथ्या. ताडी आहे, प्यायला गोड आणि मग चढणारी. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकून पुन्हा झाड होतात हे आहे. दिवसा झाडाला उलटी लटकणारी, घारीएवढी वटवाघळं आहेत. खिळा न वापरता दोरीने शिवलेली जहाजं आहेत. अशा जहाजाने आपण इतका लांब आलो याचं त्याला नवल वाटलेलं दिसतं. उन्हाळ्याबद्दलची तक्रार आहे, पण ती ठाण्यातल्या कुणालाही मान्य होईल.

पारशांबद्दल तो लिहितो, की हे लोक मेलेल्यांना पुरत नाहीत, जाळत नाहीत. बिनछपराच्या एका गोल बुरुजात पक्ष्यांसाठी ठेवतात. चांगलं आणि वाईट, उजेड आणि अंधार अशी दोन मूळ तत्त्वं ते मानतात, एवढं तत्त्वज्ञानही त्याने विचारून घेतलं आहे. नवऱ्याच्या चितेवर चढणाऱ्या बायका त्याने पाहिल्या; एकेका पुरुषामागे पाच-पाच बायका सती गेल्याचं तो सांगतो. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद त्याच्या नजरेत भरला. ढोरं ओढणाऱ्या, मेलेलं मांस खाऊन राहणाऱ्या आणि सगळ्यांची ओझी वाहणाऱ्या एका जातीचं वर्णनही आहे. चोखामेळा तेव्हा हयात होता, आणि नामदेव पन्नाशीत. घाटाच्या वर पंढरपूरला काय चाललं होतं, याचा पत्ता ठाण्यातल्या या फिरंग्याला लागणं शक्य नव्हतं. पण जातीची उतरंड त्याच्या नजरेतून सुटली नाही.

इथल्या लोकांविषयी तो आदराने लिहितो. जेवणाखाण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे, न्यायाला जपणारे, आणि प्रत्येकाचा जो मान असेल तो त्याला देणारे. इराणी लोकांच्या जेवायच्या पद्धतीला मात्र तो नाक मुरडतो. मूर्तिपूजकांच्या राज्यात ख्रिस्ती माणसाने काहीही प्रवचन करावं, कुणी अडवत नाही, असा त्याचा अनुभव. तुर्कांनी देवळं पाडून मशिदी केल्याबद्दलही तो हळहळतो. ही हळहळ मूर्तींबद्दलच्या प्रेमातून आलेली नव्हती, हे उघड आहे. मूर्ती त्यालाही नकोच होत्या. पण त्या कुणी आणि कशा पाडल्या हे त्याला खुपलं.

त्याचा प्रामाणिकपणा मोजायचं एक माप त्याच्या पुस्तकातच आहे. मध्ययुगीन पद्धतीने तो तीन हिंदुस्थान मानतो. त्यातल्या दोहोंत तो राहिला होता. तिसरा म्हणजे आफ्रिकेचा पूर्व किनारा, तिथे तो गेला नव्हता. आणि डोक्यात माणिक असलेले उडते सर्प, शिंगवाले अद्‌भुत प्राणी, हत्ती उचलून नेणारे पक्षी हे सगळे त्याने तिसऱ्या हिंदुस्थानात घातले आहेत, ‘भरवशाच्या माणसांकडून ऐकलं’ अशा पुस्तीसह. स्वतः पाहिलेल्या ठाण्यात आणि कोल्लमात उंदीर, वटवाघळं, हत्ती असे प्राणी. मिऱ्यांबद्दलची युरोपातली एक जुनी थाप त्याने खोडून काढली: मिरी आगीने काळी पडते म्हणतात, ते खोटं; ती आयव्हीसारख्या चढत्या वेलीवर येते आणि उन्हात सुकून काळी होते. कोल्लमच्या राजाची गादी मुलाला न जाता बहिणीच्या मुलाकडे जाते, हेही त्याने बरोबर टिपलं.

आता दुसरी बाजू. ज्या पत्रात कंबरदुखी आहे त्याच पत्रात जॉर्डन लिहितो, की लॅटिन लोकांचं, म्हणजे पश्चिम युरोपवाल्यांचं, इथे मोठं नाव आहे. इथले लोक आपल्या येण्याची वाट पाहतात, तसं भाकीत त्यांच्या पोथ्यांत आहे. आणि पोपमहाराजांनी या समुद्रात नुसती दोन लढाऊ गलबतं ठेवली तर केवढा फायदा होईल, आणि अलेक्झांड्रियाच्या सुलतानाचं केवढं नुकसान! भाकिताचा भाग सोडून द्या. एकटा पडलेला माणूस आपल्याला हवं ते ऐकतो. गलबतांचा हिशेब मात्र भाबडा नव्हता. मिरी, दालचिनी, सुंठ कोल्लम-कालिकतहून एडनला, तिथून इजिप्तला, तिथून व्हेनिसच्या जहाजांवर जाई. वाटेतली जकात इजिप्तच्या ममलूक सुलतानाच्या खजिन्यात पडे, आणि त्याच सुलतानाच्या घराण्याने १२९१ साली धर्मयुद्धवाल्यांचा शेवटचा बालेकिल्ला, आक्रा, जिंकला होता. एडनचं तोंड बंद केलं की सुलतान उपाशी मरेल, हा विचार त्या काळी बऱ्याच डोक्यांत घोळत होता. व्हेनिसच्या मारिनो सानुदोने १३२१ सालीच पोपला असं एक भलं मोठं पुस्तक नजर केलं. जॉर्डनच्याच संघाचा गियोम आदाम हिंदी महासागरात फिरून आला होता, आणि त्यानेही एडनच्या तोंडाशी जहाजं ठेवायची योजना लिहून दिली होती. पुढे तो इराणातल्या सुलतानियाचा आर्चबिशप झाला.

माणूस तोच. एका पानावर तो इथल्या लोकांच्या न्यायबुद्धीची तारीफ करतो, आणि दुसऱ्या पानावर त्यांच्या समुद्रात लढाऊ जहाजं मागतो. काही लेखक यातलं एकच पान उचलतात. मग त्यांच्या मते जॉर्डन एक तर भोळा, फळं चाखणारा पाहुणा ठरतो, नाहीतर वास्को द गामाचा आगाऊ आलेला हेर. मला वाटतं, त्याला स्वतःला या दोन पानांत विसंगती दिसत नव्हती. लोक चांगले आहेत म्हणून तर त्यांना आपल्या धर्मात आणायचं. आणि त्यासाठी समुद्र आपल्या हातात असलेला बरा. दोन-तीनशे चांगले साधू आले तर वर्षाला हजारो माणसं बाप्तिस्मा घेतील, असा त्याचा अंदाज होता. त्याने स्वतः हिंदुस्थानात तीनशेच्या आसपास लोकांना ख्रिस्ती धर्मात आणलं, असं तो सांगतो. गलबतं आली ती १४९८ नंतर, आणि ती पोपची नव्हती, पोर्तुगालच्या राजाची होती. वसईचा किनारा १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेला, आणि त्यांच्या मागोमाग ठाण्यात पुन्हा फ्रान्सिस्कन आले.

आता अविन्यों. पोप त्या काळात रोममध्ये राहत नव्हते. १३०९ पासून त्यांचा मुक्काम दक्षिण फ्रान्समधल्या अविन्यों गावी होता. गादीवर बावीसावा जॉन: वय ऐंशीच्या पुढे, कायदेपंडित, हिशेबाला पक्का, आणि काओर गावचा. काओर ते सेव्हराक हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आत. म्हणजे ठाण्याहून परतलेला हा साधू पोपसमोर उभा राहिला तेव्हा दोघे एकाच मुलखाची भाषा बोलणारे होते. याचा जॉर्डनला किती उपयोग झाला हे कागदावर नाही, पण राजदरबारात गाववाल्याचं काम लवकर होतं हे सगळीकडचं आहे. शिवाय हा पोप डॉमिनिकन संघावर खूष होता. त्यांच्या थॉमस अक्विनासला त्याने १३२३ साली संत जाहीर केलं. फ्रान्सिस्कन संघातल्या गरिबीवाल्यांशी मात्र त्याचं उभं वैर. १३१८ च्या मे महिन्यात मार्सेय शहरात त्यांच्यातल्या चौघांना पाखंडी ठरवून जिवंत जाळलं होतं. ठाण्यात मारला गेलेला थॉमस याच विचारांचा. म्हणजे तो युरोपात राहिला असता तर त्याची गाठ कुणाशी पडली असती, हे सांगणं कठीण नाही. ठाण्यातल्या मरणाने त्याला रक्तसाक्षी केलं. तरी त्याच्या पूजनाला रोमची अधिकृत मान्यता मिळायला १८९४ साल उजाडावं लागलं.

९ ऑगस्ट १३२९ रोजी पोपने आज्ञापत्र काढून कोल्लम हा धर्मप्रांत स्थापन केला, आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला जॉर्डनला त्याचा बिशप नेमलं. कोल्लम सुलतानियाच्या आर्चबिशपच्या हाताखाली. या धर्मप्रांताला हद्द नव्हती, उत्पन्न नव्हतं, पाद्री नव्हते, आणि ज्यांच्यावर अंमल चालवायचा ते थॉमस ख्रिस्ती बगदादकडच्या आपल्या धर्मप्रमुखाला मानत. पोप नावाचा कुणी आपला वरिष्ठ आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. अविन्योंत बसलेल्या कारकुनांनी एका साधूच्या सांगण्यावरून नकाशावर एक टिंब ठेवलं. तेव्हाच्या ख्रिस्तसभेने असे धर्मप्रांत समरकंदलाही दिले होते.

नेमणुकीबरोबर कामंही आली. १३३० च्या फेब्रुवारीत सुलतानियाचा नवा आर्चबिशप कोराचा जॉन याला द्यायचं पॅलियम, म्हणजे आर्चबिशपने खांद्यावर घ्यायचा लोकरीचा पट्टा, जॉर्डन आणि समरकंदचा नवा बिशप यांच्या हवाली झालं. एप्रिलमध्ये कोल्लमच्या नसराणी, म्हणजे थॉमस ख्रिस्ती, लोकांच्या पुढाऱ्याच्या नावे पोपचं पत्र तयार झालं. नव्या बिशपला आपलं म्हणा आणि फुटीर पंथ सोडून एकत्र या, असा त्याचा मजकूर. ही कागदपत्रं घेऊन जॉर्डन निघाला. इथून पुढे त्याच्या हातची एक ओळही मिळत नाही. १३३५ साली इराणचा मंगोल इलखान अबू सईद निपुत्रिक वारला आणि त्याच्या राज्याची शकलं झाली. तब्रीझ-सुलतानियाचा रस्ता, ज्याच्यावरून साधू, व्यापारी आणि पत्रं ये-जा करत, तोच मोडला. मग काळी महामारी आली आणि मठ ओस पडले. जॉर्डनच्या पुस्तकाचं हस्तलिखित युरोपात पडून राहिलं. ते पॅरिसला १८३९ साली छापलं गेलं, आणि हिंदुस्थानात नोकरी केलेल्या हेन्री यूलने १८६३ साली त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. कोल्लमला पुन्हा बिशप मिळाला तो १८८६ साली.

जॉर्डन नेमला गेल्यावर वीसेक वर्षांच्या आत आणखी एक साधू कोल्लमला पोचला: जॉन मारिग्नोली, फ्लॉरेन्सचा फ्रान्सिस्कन, पोपचा वकील म्हणून चीनला जाऊन परत निघालेला. त्याची मात्र बडदास्त राहिली. मिऱ्यांच्या वजनकाट्याचा अधिकार थॉमस ख्रिस्ती लोकांकडे होता. त्यातून त्याला महिन्याला शंभर सोन्याचे फणम मिळत, आणि निघताना हजार. कोल्लममध्ये लॅटिन पंथाचं सेंट जॉर्जचं चर्च उभं होतं. मारिग्नोलीने त्यात चित्रं काढून घेतली, वर्षाहून अधिक काळ तिथे प्रवचनं दिली, आणि आपलं नाव मागे राहावं म्हणून एक दगडी खांब उभारून त्यावर पोपचं आणि स्वतःचं चिन्ह कोरलं. हे सगळं त्याने सविस्तर लिहून ठेवलं आहे. जॉर्डनचं नाव त्यात कुठेही येत नाही, आणि पोपच्या लोकांचं चर्च आपल्या आधी तिथे कुणी बांधलं, याची चौकशी केल्याचंही दिसत नाही.